पाचही रीडिंग जुळतात, मग उत्तर १०.८६ कसं?

अधांतरी

नमस्कार मंडळी. साध्या लंबकाचं प्रॅक्टिकल झालं आणि तेव्हापासून डोकं भणभणलंय, म्हणून धागा काढतेय.

गुरुत्व त्वरण काढायचं होतं. दोरा ९८.९ सेंमी, गोळ्याची त्रिज्या १.१ सेंमी, म्हणजे लंबकाची लांबी बरोबर १ मीटर. २० आंदोलनांना लागलेला वेळ पाच वेळा घेतला:

३८.१, ३८.३, ३८.०, ३८.२, ३८.१ सेकंद

सरासरी ३८.१४. वीसने भागलं की आवर्तकाल १.९०७ सेकंद. आता ४ × π (पाय) चा वर्ग × लांबी, भागिले आवर्तकालाचा वर्ग. उत्तर १०.८६ मी/से².

त्रुटीचं गणितही केलं, नुसतं कॉपी नाही केलं. पाच रीडिंगचं प्रमाण विचलन (सरासरीभोवतीच्या पसाऱ्याचं माप) ०.११ सेकंद, त्याला पाचच्या वर्गमुळाने भागलं तर सरासरीची अनिश्चितता ०.०५ सेकंद, म्हणजे ०.१३ टक्के. सूत्रात आवर्तकालाचा वर्ग आहे म्हणून दुप्पट, ०.२७ टक्के. लांबीत २ मिमी इकडेतिकडे धरले, ते ०.२ टक्के. दोन्हींचे वर्ग मिळवून वर्गमूळ घेतलं तर ०.३३ टक्के. तर माझं उत्तर १०.८६ ± ०.०४.

पुस्तकात ९.८. फरक १.०६ चा. म्हणजे माझ्या ±०.०४ च्या सव्वीस-सत्तावीस पट!

मॅडमना दाखवलं. म्हणाल्या, "शेवटी लिहून टाक, मानवी चुकांमुळे फरक पडला." बाजूच्या टेबलावर ९.८ वरून उलटं गणित करून रीडिंग 'घेतली' गेली, त्यांच्या जर्नलवर सही झालीसुद्धा. माझ्या पाचही रीडिंगमध्ये जेमतेम ०.३ सेकंदाचा फरक आहे. इतकं जुळत असेल तर चुकलंय कुठे? आणि काही चुकलंच असेल तर ते त्या ±०.०४ मध्ये का दिसत नाही?

---

शंकासुर

रिअ‍ॅक्शन टाइम. धागा संपला. :)

---

कोपऱ्यातला वाचक

वाचतोय. आमच्या वेळीही उलटं गणितच चालायचं. मी तर ९.७९ आणायचो, अगदी ९.८ आलं की संशय येतो म्हणून.

---

जुना फळा

तीसेक वर्षं हेच प्रॅक्टिकल घेतलंय, तेव्हा थोडं लांबलचक लिहितो.

शंकासुर, रिअ‍ॅक्शन टाइमवर इतक्या सहज पावती फाडू नका. माणसाची प्रतिक्रिया साधारण पाव सेकंदाने मागे असते. पण ती घड्याळ सुरू करतानाही मागे असते आणि बंद करतानाही. दोन्हीकडे सारखीच मागे असेल तर वजाबाकीत उडून जाते. उरते ती फक्त दर वेळी कमीजास्त होणारी बाकी, आणि तीच तर या पोरीच्या पाच रीडिंगमध्ये ०.१ सेकंदाच्या खेळाच्या रूपात दिसते. तिचा हिशेब झालेला आहे.

आता उलटं बघा. १ मीटरच्या लंबकाचा आवर्तकाल २ सेकंदांहून किंचित जास्त असतो. वीस आंदोलनांना ४० सेकंद लागायला हवेत. हिला लागले ३८.१. दोन सेकंदांची रिअ‍ॅक्शन असलेला विद्यार्थी मी तरी पाहिलेला नाही, आणि दुपारच्या बॅचला पुष्कळ पाहिलेत.

अधांतरी, अगं, 'मानवी चूक' हे शब्द जर्नलमधून खोडून टाक. त्यातून काहीच कळत नाही. कुठली चूक, कुठल्या दिशेने, किती, हे सांगता आलं तर ते कारण. तिन्हीपैकी एकही सांगता येत नसेल तर तो नुसता उसासा झाला.

दिशेचं उदाहरण देतो. पुष्कळ जण म्हणतील, गोळा फार लांब ओढून सोडला असेल. ओढला असेलही. पण कोन मोठा झाला की आवर्तकाल वाढतो, कमी होत नाही. १० अंशांना सुमारे ०.२ टक्के, २० अंशांना पाऊण टक्का, ३० अंशांना पावणेदोन टक्के. आवर्तकाल वाढला की उत्तर ९.८ च्या खाली येतं. हिचं वर गेलंय. तेव्हा तो संशयित सुटला.

माझा सल्ला: एकाच लांबीवर न थांबता पाच-सहा लांबी घे, आवर्तकालाचा वर्ग उभ्या अक्षावर आणि लांबी आडव्या अक्षावर घेऊन आलेख काढ. चढ ४.०३ च्या आसपास यायला हवा. गडबड असेल तर आलेख सांगेल.

---

अधांतरी

सर, धन्यवाद! कोन लहानच होता, जेमतेम पाच अंश. पण दिशा बघायची हे कुणी सांगितलंच नव्हतं. आलेखाचं उद्या बघते.

---

बोटभर

अवांतर होईल, पण विचारून घेतो. स्क्रू गेजची (तारेसारख्या बारीक वस्तूंची जाडी मोजायच्या साधनाची) शून्य त्रुटी मिळवायची की वजा करायची, हे मला आजतागायत पाठ झालेलं नाही.

---

मोजूनमापून

@बोटभर: पाठ करूच नका. जबडे मिटवा. मध्ये काहीही नसताना गेज ०.०३ मिमी दाखवतंय का? मग ते नसलेली गोष्ट ०.०३ ने फुगवून सांगतंय. तार धरल्यावर ०.४३ दाखवलं तर तार ०.४०. शून्याच्या खाली दाखवत असेल तर ते कमी सांगतंय, तेवढं भरून काढा. आणि रॅचेटनेच फिरवा, बोटांच्या जोराने आवळलं तर तार दबते आणि प्रत्येकाच्या बोटाचा जोर वेगळा.

एक मात्र ध्यानात असू द्या. तारेचा व्यास ०.४० मिमी आणि गेजचं लघुत्तम माप (त्याला दाखवता येणारं सगळ्यात लहान अंतर) ०.०१ मिमी, म्हणजे एका घरात अडीच टक्के गेले. क्षेत्रफळात व्यासाचा वर्ग येतो, झाले पाच टक्के. त्याच प्रयोगात मुलं तारेची १ मीटर लांबी मिलिमीटरपर्यंत डोळे फोडून मोजतात, तिथे मिळतो ०.१ टक्का. व्यास मात्र एकाच ठिकाणी एकदाच घेतात. तो तारेच्या चार-पाच ठिकाणी, दर ठिकाणी काटकोनातल्या दोन दिशांनी घ्यायला हवा, कारण तार गोल असते हे तारेला कुणी सांगितलेलं नसतं.

आता मूळ धाग्याकडे. माझं रोजचं काम कॅलिब्रेशनचं आहे. वजनं, गेज, तापमापी तपासून 'हे इतकं दाखवतं, अनिश्चितता इतकी' असं प्रमाणपत्र द्यायचं. त्यामुळे अधांतरीचा दुसरा प्रश्न मला पहिल्यापेक्षा जास्त आवडला: चूक त्या ±०.०४ मध्ये का दिसत नाही?

दिसणारच नाही. ते ±०.०४ कुठून आलं ते बघा. पाच रीडिंगच्या आपापसातल्या फरकातून, आणि पट्टीबद्दलच्या तुमच्या अंदाजातून. पाचही रीडिंगमध्ये जे सारखंच घुसलंय ते आपापसातल्या फरकात येईल कसं? घड्याळ दहा मिनिटं पुढे असेल तर ते पाच वेळा बघा, पन्नास वेळा बघा, पाचही वेळा एकमताने पुढेच असेल. शंभर रीडिंग घेतली असती तर ±०.०४ चं ±०.०२ झालं असतं (लांबीचे २ मिमी आडवे येतात, नाहीतर आणखी कमी), आणि उत्तर १०.८६ लाच आणखी घट्ट चिकटलं असतं.

आपल्याकडे तीन शब्द आहेत आणि तिन्ही एकाच अर्थाने वापरायची खोड आहे. 'चूक' म्हणजे खरोखर काहीतरी चुकीचं केलं: आकडा उलटा लिहिला, पट्टी दुसऱ्या टोकाने धरली. 'त्रुटी' म्हणजे मोजलेली किंमत आणि खरी किंमत यांतला फरक. तो एक ठरलेला आकडा असतो, अधिक किंवा उणे, फक्त आपल्याला तो बहुधा ठाऊक नसतो. ठाऊक झाला तर वजा करून मोकळं व्हायचं, वरच्या शून्य त्रुटीसारखं. 'अनिश्चितता' म्हणजे वजा करण्याजोगं सगळं वजा करूनही जे कळलेलं नाही त्याचा पट्टा. तिला दिशा नसते म्हणून तिच्यामागे ± लागतं. पाठ्यपुस्तकं या पट्ट्यालाही त्रुटीच म्हणतात आणि मग मुलांना वाटतं ± म्हणजे आपली चूक. तसं नाही. मी रोज ± लिहितो, त्याचा पगार घेतो.

---

शंकासुर

@मोजूनमापून, ते सगळं ठीक, पण मोबाइलचं घड्याळ सेकंदाचा शंभरावा भाग दाखवतं. मग ३८.१४ सरळ ± ०.०१ का नाही?

---

मोजूनमापून

कारण अंगठा शंभराव्या भागाचा नाही. पडद्यावर दोन आकडे जास्त उमटले म्हणून तुमच्या हाताची नेमकेपणाची जात बदलत नाही. यंत्राचं लघुत्तम माप ही अनिश्चिततेची खालची मर्यादा समजा. हाताने चालवलेल्या घड्याळात तिचा वाटा जवळजवळ शून्य.

जिथे रीडिंग अजिबात हलतच नाही तिथे मात्र लघुत्तम मापच कामाला येतं. समजा वजनकाटा पाचही वेळा ५२.३ ग्रॅमच दाखवतो. प्रमाण विचलन शून्य! म्हणून अनिश्चितता शून्य म्हणायची का? खरं वजन ५२.२५ ते ५२.३५ मध्ये कुठेही असू शकतं, सगळीकडे सारख्याच शक्यतेने. अशा वेळी आम्ही ०.१ ला बाराच्या वर्गमुळाने भागतो, सुमारे ०.०३ ग्रॅम. पुन्हा पुन्हा मोजून काढलेली ती 'ए' प्रकारची, आणि अशी इतर माहितीवरून बांधलेली ती 'बी' प्रकारची. १९९३ साली या हिशेबाची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिका आली, त्यात हे दोन प्रकार दिलेत. दोन्ही शेवटी एकाच गाठोड्यात जातात.

---

बोटभर

वजनकाट्याचं उदाहरण पटलं. पण आमच्या पुस्तकात त्रुटी सरळ बेरीज करून टाकतात, वर्गबिर्ग नाही. अधांतरीने वर्ग घेतले ते कुठून?

---

जुना फळा

दोन्ही चालतं, पण दोन्हींचा अर्थ वेगळा. सरळ बेरीज म्हणजे सगळ्यात वाईट परिस्थिती: लांबी जास्तीत जास्त वर, वेळ जास्तीत जास्त खाली, एकाच वेळी. हिच्या बाबतीत ०.२७ आणि ०.२० मिळून ०.४७ टक्के, म्हणजे ±०.०५. पण पट्टीच्या दोषाला अंगठ्याच्या दोषाची खबर नसते. दोन्ही एकाच वेळी एकाच दिशेला टोक गाठतील असं सहसा होत नाही, म्हणून वर्गांची बेरीज आणि वर्गमूळ. सुरुवातीच्या वर्गांत सरळ बेरीज शिकवतात कारण ती करायला सोपी आणि त्यात माणूस कधी उघडा पडत नाही. परीक्षेत पुस्तकात असेल तेच लिही बाबा.

---

मोजूनमापून

सहमत. एक पुस्ती: दोन्ही राशी स्वतंत्र असतील तरच वर्गांची बेरीज. एकाच पट्टीने लांबी आणि रुंदी मोजली, आणि पट्टीच मुळात आखूड असेल, तर दोन्ही आकडे हातात हात घालून चुकतात. तिथे सरळ बेरीजच.

आणि सर, एका गोष्टीवर तुमच्याशी असहमत, राग मानू नका. आवर्तकालाचा वर्ग आणि लांबी यांचा आलेख काढला की गडबड कळेल असं तुम्ही म्हणालात. लांबीतली कायमची चूक कळेल, हे खरं. गोळ्याची त्रिज्या धरायची राहिली तर प्रत्येक लांबी १.१ सेंमीने कमी पडते, रेषा उगमबिंदूतून जात नाही, चढ मात्र शाबूत राहतो. फार सुरेख युक्ती आहे. पण गडबड वेळेत असेल, आणि तीही ठरावीक गुणोत्तराने, तर? प्रत्येक आवर्तकाल ५ टक्क्यांनी कमी, म्हणजे प्रत्येक वर्ग पावणेदहा टक्क्यांनी कमी. रेषा अगदी सरळ, उगमबिंदूतून जाणारी, देखणी, आणि चढ ४.०३ ऐवजी ३.६४. आलेख हूं की चूं करणार नाही.

---

जुना फळा

राग कसला. बरोबर आहे. आलेखावर माझा इतका जीव आहे की हे सुटलं.

म्हणजे आता दोन संशयित उरले. वेळ खरा मानला तर लांबी १ मीटर नसून ९० सेंमी असायला हवी (९.८ धरून मागे गेलं तर ९०.३ येते). किंवा लांबी खरी आणि वेळ पाच टक्क्यांनी कमी.

पहिल्याची शक्यता हसण्यावारी नेऊ नका. पट्टीचं टोक झिजलेलं असतं म्हणून आम्हीच मुलांना सांगायचो, १० च्या खुणेपासून मोजा. त्यातले निम्मे शेवटी १० वजा करायला विसरायचे. बरोब्बर १० सेंमीची चूक! अधांतरी, कुठून मोजलंस?

---

अधांतरी

शून्यापासूनच, सर. आज पुन्हा जाऊन दोरा मोजला, दुसऱ्या टेपने. ९८.९. आणि गोळा व्हर्निअरने, व्यास २.२ सेंमी. लांबी निर्दोष सुटली.

---

तळटीप

दोन मिनिटं इतिहासात जाऊ द्या.

रिअ‍ॅक्शन टाइमवर एका माणसाची नोकरी गेली आहे. ग्रीनिच वेधशाळेत डेव्हिड किनेब्रुक नावाचा साहाय्यक होता. आकाशातला तारा दुर्बिणीत बसवलेल्या बारीक तारेवरून कधी सरकला याची वेळ तो टिपायचा, आणि त्याची नोंद मुख्य खगोलज्ञ नेव्हिल मास्कलीनच्या नोंदीपेक्षा ०.८ सेकंदांपर्यंत वेगळी यायला लागली. १७९६ साली मास्कलीनने त्याला काढून टाकलं. पुढे बेसेल या जर्मन खगोलज्ञाने ही हकिगत वाचली, इतर खगोलज्ञांशी आपली रीडिंग ताडून पाहिली आणि दाखवलं की दोन कुशल निरीक्षकांमध्येही असा कायमचा फरक असतोच. तेव्हा किनेब्रुक चुकार होता असं नाही. मास्कलीनच 'खरा' कशावरून?

दुसरी गोष्ट कॅव्हेंडिश या इंग्रज शास्त्रज्ञाची, आणि ती उलट्या गणितवाल्यांसाठी. १७९८ साली त्याने पिळाच्या तराजूने पृथ्वीची घनता काढली, पाण्याच्या ५.४८ पट असं छापलं. नंतर फ्रान्सिस बेलीच्या लक्षात आलं की छापलेल्या २९ निकालांची सरासरी ५.४८ येतच नाही, ५.४४८ येते. त्या यादीत एक निकाल ४.८८ आहे, त्याच्या जागी ५.८८ धरलं तर सरासरी बरोबर ५.४८ येते. आता गंमत बघा, आज मान्य असलेली घनता ५.५१ आहे. म्हणजे बेरजेतल्या घोळाने तो खऱ्या आकड्याच्या जवळ गेला! आकडा 'जवळ' आला म्हणून मोजमाप बरोबर, असं म्हणणाऱ्यांनी याचं काय करायचं?

---

कोपऱ्यातला वाचक

हे माहीत नव्हतं. भारी. वाचनखूण साठवली.

---

शंकासुर

पण तळटीप, किनेब्रुक नि कॅव्हेंडिश म्हणजे मेणबत्तीच्या उजेडातला काळ. आता यंत्रं आहेत.

---

तळटीप

२०११ चालेल? सर्न या जिनिव्हाजवळच्या प्रयोगशाळेतून निघालेले न्यूट्रिनो (अतिसूक्ष्म कण) ७३० किमीवरच्या इटलीतल्या ग्रॅन सासो प्रयोगशाळेत ऑपेरा प्रयोगात प्रकाशापेक्षा सुमारे ६० नॅनोसेकंद लवकर पोचताना दिसले. अनिश्चितता १० नॅनोसेकंदांच्या आसपास. हजारो नोंदी, तीन वर्षांची आकडेवारी. सगळं एकमेकांशी जुळत होतं, अधांतरीच्या पाच रीडिंगसारखं. २०१२ च्या सुरुवातीला सापडलं: घड्याळाकडे जाणाऱ्या प्रकाशतंतूच्या केबलची जोडणी नीट बसलेली नव्हती. ती दर वेळी सारखीच सैल होती, त्यामुळे आकडेवारीला तिचा पत्ताच नव्हता.

त्या लोकांनी एक केलं जे मला फार आवडतं. उत्तर पटण्यासारखं नव्हतं, तरी त्यांनी ते आपल्या ± सकट जसंच्या तसं मांडलं आणि जगाला सांगितलं, शोधा. ९.८ पासून उलटं गणित केलं असतं तर ती केबल आजही सैलच असती.

---

मोजूनमापून

मला एक शंका येतेय, आणि ती बरोबर असेल तर सोडवायला पाच मिनिटं लागतील. अधांतरी, दोन गोष्टी कर.

एक, आंदोलनं कोण मोजतं आणि घड्याळ कुणाच्या हातात असतं ते सांग. मोजणारा नेमका काय बोलतो, शब्दशः.

दोन, तोच लंबक, तीच लांबी, फक्त २० ऐवजी १० आंदोलनं. पाच वेळा.

कारण आत्ता कुठे चुकलंय ते एकाच आकड्यावरून कळणार नाही. मोजण्यातली कुठलीही एक गोष्ट मुद्दाम बदलायची आणि जे बदलायला नको ते बदलतंय का बघायचं. आवर्तकालाला आपण दहा मोजतोय की वीस, याची काय पडलीये? त्याने दोन्ही वेळा सारखंच यायला हवं.

---

अधांतरी

घड्याळ माझ्या हातात, मोजतो माझा जोडीदार. तो मोठ्याने म्हणतो, "एक, दोन, तीन...". गोळा मधल्या खुणेवरून जाताना तो "एक" म्हणतो तेव्हा मी घड्याळ सुरू करते, "वीस" म्हणाला की बंद.

१० ची रीडिंग उद्या घेते.

---

बोटभर

अरेच्चा.

---

जुना फळा

मोजूनमापून, तुम्ही वाटेतच गाठलंत. मी आलेखात अडकलो आणि पोरीच्या बाजूला उभं राहून ऐकायचं विसरलो. मुलांना मोजताना नुसतं ऐकलं तरी कळतं.

काही बोलत नाही, तिला रीडिंग घेऊ द्या.

---

शंकासुर

मला अजून नाही कळलं. एकपासून नाही मोजायचं तर कशापासून मोजायचं?

---

मोजूनमापून

कुंपणाचे खांब मोजा. वीस खांब, मधल्या मोकळ्या जागा किती?

---

शंकासुर

...१९. बरं, बरं. गप्प बसतो.

---

अधांतरी

घेतली! मुद्दाम त्याला काही सांगितलं नाही, नेहमीसारखंच मोजायला लावलं.

१० आंदोलनं (त्याच्या हिशेबाने): १८.०, १८.१, १८.१, १८.२, १८.० सेकंद. सरासरी १८.०८.

दहाने भागलं तर आवर्तकाल १.८०८. वीसवाला १.९०७. एकच लंबक, एकच लांबी, आणि ०.१ सेकंदाचा फरक! अनिश्चिततेत बसवायचा म्हटलं तरी बसत नाही. जोडीदाराला दाखवलं तर तो आधी म्हणाला घड्याळ खराब आहे.

मग मी वजाबाकी केली. वीस म्हणजे खरे १९ असोत की २० असोत की २१, आणि दहा म्हणजे ९ असोत की १० की ११, दोन्हींमधलं अंतर १० आंदोलनांचंच.

३८.१४ − १८.०८ = २०.०६ सेकंद. आवर्तकाल २.००६. उत्तर ९.८१!!

खरं सांगते, प्रयोगशाळेत ओरडले. मॅडम आल्या.

पण अनिश्चितता वाढली. दोन्ही सरासरींची मिळून ०.०६ सेकंद, ती २०.०६ मध्ये ०.३२ टक्के, दुप्पट ०.६३, लांबी धरून ०.६६ टक्के. म्हणजे ९.८१ ± ०.०६. आधीचं चुकीचं उत्तर ±०.०४ होतं आणि आताचं बरोबर उत्तर ±०.०६. हे मला अजून थोडं लागतंय.

---

मोजूनमापून

लागू देऊ नका. वजाबाकी केली की किंमत लहान होते आणि अनिश्चितता मात्र मिळवली जाते. अज्ञात ढकल (प्रत्येक रीडिंगमध्ये सारखाच घुसलेला फरक) काढून टाकायची ती फी आहे. आता ढकल ठाऊक झालीच आहे, तर मूळ ३८.१४ ला १९ ने भागा: आवर्तकाल २.००७, उत्तर ९.८० ± ०.०३. पाच टक्क्यांच्या चुकीने आवर्तकाल बिघडला होता, उत्तर वर्गामुळे त्याच्या दुपटीने, म्हणून १०.८६.

आणि ±०.०३ लिहा, ±०.०३२७ नाही. पाच रीडिंगवरून काढलेलं प्रमाण विचलन स्वतःच तिसऱ्या हिश्श्याइतकं डळमळीत असतं. त्या डळमळीत आकड्याचे तीन सार्थ अंक कुणाला दाखवणार?

---

बोटभर

९.८० की ९.८१, कुठलं खरं मग? पुस्तकात ९.८०६६५ पण दिसतं.

---

जुना फळा

९.८०६६५ हा ठरवून घेतलेला प्रमाण आकडा आहे, १९०१ साली वजन-मापांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने ठरवलेला. तुझ्या पायाखालची किंमत ती नव्हे. विषुववृत्तावर समुद्रसपाटीला ९.७८, ध्रुवांवर ९.८३. हिच्या ±०.०३ मध्ये ९.८० आणि ९.८१ एकच आहेत, त्यांच्यात निवाडा करायला हा लंबक अपुरा. दोन्हींपैकी एकाला 'चूक' म्हणणारा परीक्षक भेटला तर मला कळव.

अधांतरी, यापुढे घड्याळ सुरू होताना जोडीदाराला "शून्य" म्हणायला लाव. मी वर्गात "तीन, दोन, एक, शून्य" असं उलटं मोजत सुरू करायला लावायचो, म्हणजे ताल आधीच बसतो आणि शून्य आपोआप येतं. आणि गोळा मधून जाताना मोजताय ते उत्तम; टोकाला तो रेंगाळतो, नेमका कधी वळला ते डोळ्याला कळत नाही.

---

अधांतरी

जर्नलमध्ये काहीच खोडलं नाही. १०.८६ ± ०.०४ तसंच ठेवलं, खाली १० ची रीडिंग, वजाबाकी, आणि ९.८० ± ०.०३. 'मानवी चूक' ऐवजी लिहिलं: "मोजणी एकपासून सुरू केल्याने २० ऐवजी १९ आंदोलनांचा वेळ घेतला गेला." मॅडमनी दोनदा वाचलं आणि सही केली. मग बाजूच्या टेबलाला विचारलं, "तुम्ही कुठून मोजलंत?" तिकडे एकदम शांतता. त्यांनी मोजलंच नव्हतं ना.

एक शेवटचं विचारते. काल रात्री आलेख काढला, आडव्या अक्षावर जोडीदाराने म्हटलेला आकडा, उभ्यावर वेळ. दोनच बिंदू, (१०, १८.०८) आणि (२०, ३८.१४). रेषा मागे वाढवली तर वेळ शून्य असताना आकडा ०.९९ येतो. १ यायला हवा होता ना?

---

मोजूनमापून

त्या ०.९९ ची अनिश्चितता काढलीत?

---

अधांतरी

काढली. ०.९९ ± ०.०४.

ओह.